पहिला गेम बनवतोयस? मग आधी पाँग

ओपन वर्ल्ड, ऑनलाइन मल्टिप्लेअर हे बेत तूर्तास बासनात ठेव. पहिला गेम पाँगच कर, अटारीचा १९७२चा: दोन फळ्या, एक चेंडू, स्कोअर. तेवढंही पूर्ण करताना घाम फुटतो.

इंजिन, म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, गोडो घे. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. युनिटी बरं की अनरिअल, हा वाद चहाच्या टपरीवर ठीक; दर आठवड्याला इंजिन बदलणाऱ्याचा गेम मेनूच्या पुढे सरकत नाही.

नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे चेंडू दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक नव्या चित्राला, ५ पिक्सेल हलवणं. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० फ्रेम) स्क्रीनवर तो सेकंदाला ३०० पिक्सेल जातो, मित्राच्या १४४ हर्ट्झवर तोच ७२०! म्हणून वेग सेकंदाच्या हिशोबात लिही आणि त्याला डेल्टाने गुणून घे. डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. मात्र गोडोचं 'मूव्ह अँड स्लाइड' हे वस्तू हलवणारं फंक्शन वापरलंस तर गुणू नकोस, ते वेळ स्वतःच धरतं. दोनदा गुणलं की फळी मुंगीच्या चालीने सरकते.

बाकी थोडक्यात:
- चित्रं नंतर. पांढरे चौकोन पुरेत.
- पहिल्या दिवसापासून गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं साधन. 'फायनल नवीन २' नावाची फोल्डरं नकोत.
- दुसऱ्याला खेळायला दे आणि गप्प बस. तो कुठे अडतो तेच बघायचंय.

चेंडू कधी फळीतून आरपार जाईल, कारण एका फ्रेममध्ये तो फळीच्या जाडीपेक्षा जास्त अंतर कापतो. सध्या फळी जाड कर आणि पुढे चल.