लिनक्समध्ये १६ जीबी रॅमपैकी साडेतेरा जीबीच दिसते. कर्नलची कोणती सेटिंग बदलावी?

तुमच्या संगणकात ८ जीबीच्या दोन रॅम पट्ट्या आहेत, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही आणि ‘फ्री’ ही आज्ञा एकूण मेमरी साडेतेरा जीबीच्या आसपास सांगते. त्यावर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बूट पर्यायांत ‘मेम=१६जी’ लिहावे आणि स्वॅपिनेस १० करावा, असा सल्ला तुम्हाला मिळाला आहे. माझ्या मते या दोन्हींपैकी काहीही करू नये.

मेमरीची चणचण भासल्यावर फाइल कॅश आधी सोडायची की प्रोग्रॅमची पाने (मेमरीचे छोटे तुकडे) स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, टाकायची, एवढाच कर्नलचा कल स्वॅपिनेस ठरवतो. एकूण आकड्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘मेम=’ मात्र प्रत्यक्ष नुकसान करू शकतो, कारण इंटेल-एएमडी यंत्रांवर हा पर्याय रॅमचे आकारमान नव्हे, तर पत्त्याची कमाल मर्यादा ठरवतो. ४ जीबीखालचे काही पत्ते पीसीआय उपकरणांसाठी राखून ठेवावे लागतात, म्हणून तिथली रॅम फर्मवेअर (लिनक्सच्या आधी चालणारे बायोस) ४ जीबीच्या वर सरकवते आणि त्यामुळे रॅमचे शेवटचे टोक १६ जीबीच्या पत्त्यापलीकडे जाऊ शकते. तसे असल्यास ‘मेम=१६जी’ लिहिताच ते टोक छाटले जाते, म्हणजे मेमरी वाढवण्यासाठी लिहिलेला पर्याय ती कमी करतो.

आधी गळती कुठे आहे ते पाहा. हार्डवेअरची माहिती देणारी ‘डीएमआयडीकोड’ ही आज्ञा दोन्ही पट्ट्या ८-८ जीबीच्या दाखवत असेल, तर हार्डवेअरची शंका मिटली. मग कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ या आज्ञेच्या उत्तरामध्ये ‘मेमरी:’ने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्यात तिरक्या रेघेच्या दोन बाजूंना केबीमधले दोन आकडे असतात: दुसरा आकडा म्हणजे फर्मवेअरने वापरायला दिलेली मेमरी आणि पहिला म्हणजे कर्नलने स्वतःचा वाटा बाजूला काढल्यावर उरलेली. हा वाटा अटळ असतो. ४ केबीच्या प्रत्येक पानाच्या नोंदीला ६४ बाइट लागतात, म्हणजे १६ जीबीच्या हिशेबाला २५६ एमबी केवळ नोंदवहीतच जातात. पूर्ण १६ जीबी म्हणजे १,६७,७७,२१६ केबी. तुमचा दुसरा आकडाच १,४६,००,००० च्या आसपास असेल, तर सुमारे २ जीबी कर्नल सुरू होण्यापूर्वीच कापली गेली आहे आणि कर्नलचा कोणताही पर्याय ती परत आणू शकत नाही.

ही कपात बहुधा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी असते. बायोसमध्ये एएमडीच्या यंत्रांवर ‘यूएमए फ्रेम बफर साइज’ आणि इंटेलच्या यंत्रांवर ‘डीव्हीएमटी प्री-अलोकेटेड’ या नावाची सेटिंग सापडते. एएमडीच्या यंत्रावर मी तिथे ५१२ एमबी ठेवीन, कारण लिनक्सचा ड्रायव्हर गरजेनुसार सामान्य रॅममधून आणखी जागा घेतोच. मात्र सुरुवातीलाच व्हिडिओ मेमरी मोजणारे काही गेम अडून बसतात. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये ही सेटिंग दिलेलीच नसते, आणि तिथे आहे त्यात भागवावे लागते.

बदल केल्यावर तीच ओळ पुन्हा वाचा. दुसरा आकडा वाढला, पण पहिल्याशी तफावत फारच मोठी राहिली, तर ‘प्रोक’ फोल्डरमधल्या ‘सीएमडीलाइन’ फाइलमध्ये ‘क्रॅशकर्नल=’ आहे का ते तपासा; कर्नल कोसळल्यावर डम्प (मेमरीची प्रत) घेण्यासाठी तो पर्याय काही मेमरी कायमची अडवून ठेवतो. डम्प तपासण्याचे काम तुम्ही करत नसाल, तर तो काढून ग्रबची (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची) जुळणी नव्याने तयार करा. डेबियन आणि उबुंटूमध्ये तो ‘केडम्प-टूल्स’ पॅकेजच्या स्वतंत्र फाइलमधून येतो, त्यामुळे ग्रबच्या मुख्य फाइलमध्ये तो दिसला नाही, तरी तिथेच थांबू नका.