आहार आणखी कडक करण्याआधी जेवणाच्या वेळा बांधून घ्या
दिवसभर मोजूनमापून, ‘चांगलेच’ खाऊनही रात्री अभ्यास करताना खाण्यावरचा ताबा सुटतो, तेव्हा आहार आणखी शिस्तीचा करावा का, असे तुम्ही विचारले आहे. माझे स्पष्ट उत्तर ‘नाही’ असे आहे, कारण सकाळी काहीच न खाणे, दुपारी थोडक्यात भागवणे आणि रात्री सगळी कसर भरून निघणे, हा तुम्हीच लिहिलेला क्रम मूळ दुखणे कुठे आहे ते दाखवतो.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. पुढे अन्न मुबलक मिळू लागल्यावरही त्यांच्यातले काही जण पोट तुडुंब भरल्यावर खातच राहिले, आणि हे तरुण तर शरीराने व मनाने धडधाकट म्हणून पारखून घेतलेले होते. त्यामुळे रात्रीच्या खाण्याला कृपया मनाचा दुबळेपणा समजू नका.

आहाराच्या दर्जालाही अर्थातच महत्त्व आहे. अमेरिकी संशोधक केविन हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगात अतिप्रक्रिया केलेले अन्न मिळाले तेव्हा लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. तरीही एखादा पदार्थ कायमचा वर्ज्य केला की मन त्याच्याभोवतीच घुटमळत राहते, म्हणून दर्जाकडे वळण्याआधी नियमितपणा आणा: तीन जेवणे, मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे, आणि शक्यतो चार तासांहून मोठा खंड पडू न देणे. सर्वांत अवघड असते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. रात्री फार खाल्ले म्हणून न्याहारी टाळावीशी वाटते, भूकही नसते, पण तीच टाळलेली न्याहारी पुढच्या रात्रीची तयारी करते. तेव्हा थोडी का होईना, ती घ्याच.

ताबा सुटून फार मोठ्या प्रमाणात खाणे आठवड्यातून किमान एकदा, असे तीन महिने चालले असेल, तर २०१३ पासून मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र स्थान असलेला ‘बिंज इटिंग डिसऑर्डर’ हा विकार असू शकतो, आणि विचार व वर्तनावर काम करणाऱ्या उपचारपद्धतीने त्यात अनेकांना चांगला फरक पडतो. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणे किंवा रेचक घेणे होत असेल, तर मात्र एक आठवडाही थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. तिथे वजनाच्या नोंदींपेक्षा कधी, काय आणि कोणत्या मनःस्थितीत खाल्ले याची टिपणे न्या, आणि संकोचापोटी आपण जे खाणे लपवतो तेच आधी सांगा.