एन्क्रुमांना वाचवायला कुणी का आलं नाही?

प्रश्न : सर, आजोबांच्या तिकिटांच्या अल्बममध्ये घानाचं १९५७ चं तिकीट सापडलं. त्यावर चित्र असलेल्या एन्क्रुमांना पुढे अध्यक्षपदावरून हटवलं, असं वाचलं. देश स्वतंत्र करणाऱ्या माणसासाठी लोक रस्त्यावर का आले नाहीत?
– बी.ए.ची एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : आले होते की, पण आनंद करायला! २४ फेब्रुवारी १९६६ रोजी लष्कर आणि पोलिसांनी मिळून सत्ता घेतली, तेव्हा क्वामे एन्क्रुमा व्हिएतनाम युद्ध थांबवायच्या खटपटीत हनोईला निघाले होते. बातमी कळली ती पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये. इकडे घानाची राजधानी आक्रात त्यांचा पुतळा पाडून लोक नाचत होते. त्याच आक्रात १९५१ साली हा माणूस तुरुंगात बसून निवडणूक जिंकला होता.

तू निपाणीची, म्हणून एक कारण तुला लगेच कळेल. तुमचा भाग तंबाखूवर, तसा घाना कोकोवर. दर पडला की घरात काय होतं, ते तंबाखू शेतकऱ्यांचं १९८१ चं आंदोलन पाहिलेल्या थोरांना विचार. १९६५ मध्ये कोकोचा भाव कोसळला आणि तिजोरी तर आधीच कारखाने, शाळा, रस्त्यांवर रिती झालेली. व्होल्टा नदीवरचं अकोसोंबो धरण मात्र उभं राहिलं. जानेवारी १९६६ मध्ये उद्घाटन आणि पुढच्याच महिन्यात खुर्ची गेली.

पण मला विचारशील तर मूळ दुखणं १९५८ च्या स्थानबद्धता कायद्यात आहे. खटला न चालवता पाच वर्षं आत! आमच्या गल्लीत सीमालढ्यात तुरुंग पाहून आलेली माणसं होती. त्यामुळे ‘तुरुंगात गेलेला पुढारी’ म्हटलं की माझे हात आपसूक जुळायचे. एन्क्रुमांबद्दल वाचल्यावर ते थोडे थबकू लागले.

१९४८ च्या दंगलीनंतर इंग्रजांनी सहा पुढाऱ्यांना एकदम धरलं, त्यांत एन्क्रुमा होते. उरलेल्या पाचांपैकी ओबेत्सेबी-लाम्प्टी १९६३ साली आणि डॉ. डान्क्वा १९६५ साली वारले, दोघेही एन्क्रुमांच्या कैदेत. तिसरे अको अजेई. लंडनहून एन्क्रुमांना या पुढाऱ्यांच्या पक्षाचे सरचिटणीस म्हणून बोलवा, हे सुचवणारे तेच! एन्क्रुमांवरच्या १९६२ च्या बॉम्बहल्ल्यात अजेईंना गोवलं. कोर्टानं निर्दोष सोडलं, तर एन्क्रुमांनी सरन्यायाधीशच काढले. पुन्हा खटला, फाशीची शिक्षा. मग ती कमी करून कैद.

पदच्युतीनंतर गिनीचे अध्यक्ष सेकू तूरे यांनी एन्क्रुमांना आसरा दिला, वर मानाचं सहअध्यक्षपदही. १९५८ साली गिनी अडचणीत असताना घानानं १ कोटी पौंडांचं कर्ज दिलं होतं. ती ओळख तूरे विसरले नाहीत. १९७२ मध्ये बुखारेस्टला कर्करोगानं एन्क्रुमा गेले.

अजेईंची सुटका केली ती एन्क्रुमांना हटवणाऱ्या लष्करानं. तुझा प्रश्न खरं तर अजेईंनाच विचारायला हवा होता.