चर्चमध्ये नवीन कमिटी सेवा स्वीकारणार आहे, तिचं स्वागत कसं करावं?

सलाम. तुम्ही लिहिलंय की तुमच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीची नवीन पास्टरेट कमिटी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारी निवडून आलेली समिती, लवकरच सेवा स्वीकारणार आहे, त्यात काही जण अगदी नवखे आहेत, आणि स्वागताला शाल-श्रीफळ, जेवण असं काही करावं का. मी आमच्या मंडळीत बरीच वर्षं कमिटीवर होतो, काही काळ सेक्रेटरीही होतो. त्या अनुभवातून सांगतो.

जेवण जरूर ठेवा. शालींचे पैसे मात्र वाचवा. सत्कारात नवा माणूस एकटाच पुढे उभा असतो आणि बाकीचे टाळ्या वाजवून घरी जातात. त्याला खरी गरज असते ती मंडळी आपल्यामागे उभी आहे हे कळण्याची. म्हणून उपासनेतच, संदेश (प्रवचन) झाल्यावर, एकेकाचं नाव पुकारून पुढे बोलवा. पाळकसाहेब त्यांच्याकडून वचन घेतील. त्यानंतर मंडळीलाही उभं करा आणि तिच्याकडूनही वचन घ्या: यांच्यासाठी प्रार्थना कराल का? हाक मारली तर कामाला याल का? तक्रार असली तर ती आधी यांच्याशीच बोलाल का? सगळ्यांनी मोठ्याने ‘होय’ म्हणायचं. तिसरा प्रश्न गाळू नका. उपासना सुटल्यावर फाटकाबाहेर जे बोलणं चालतं, त्यानेच चांगली माणसं पुढच्या वेळी उभी राहत नाहीत.

बाकी विधीची रीत पाळकसाहेबांनाच विचारा. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय झाली, त्यामुळे जुन्या अँग्लिकन मंडळीची पद्धत वेगळी आणि नगरकडच्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांची वेगळी. आहे ती मोडायचं कारण नाही.

त्या रविवारी वाचायला बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 घ्या. तिथे सुरुवातच तक्रारीने होते: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. प्रेषितांनी आपली माणसं नेमली नाहीत, मंडळीलाच सांगितलं की सात जण शोधून काढा. मंडळीने निवडलेल्या सातांचीही नावं ग्रीक आहेत. म्हणजे बहुधा ज्यांची गाऱ्हाणी होती, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप दिलं गेलं. मला हे फार मोठं वाटतं. तुमच्या मंडळीतही गावाकडून कामासाठी आलेली, मागच्या बाकांवर बसणारी कुटुंबं असतील. नव्या कमिटीत त्यांच्यातलं कोणी असेल तर त्याला सतरंज्या उचलायला लावू नका, हिशेबाला बसवा. बहिणींच्या बाबतीतही तेच. निवडून आलेल्या बहिणीवर चहा-नाश्ता आणि ख्रिसमसची सजावट सोपवून मोकळं व्हायची सवय आता सुटायला हवी.

आता खरं स्वागत. माझ्या मते ते सेवा स्वीकारण्याच्या आधी, एखाद्या संध्याकाळी वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या कामकाजाच्या खोलीत होतं. जुन्या आणि नव्या कमिटीने एकत्र बसायचं आणि कपाट उघडायचं. बाप्तिस्म्याचं, लग्नाचं, दफनाचं रजिस्टर नव्यांच्या हातात द्यायचं, त्यांना पानं उलटू द्यायची. अर्पण कसं मोजतात ते मोजून दाखवायचं: दोघं असल्याशिवाय पेटी उघडायची नाही, आकडा लिहून दोघांच्या सह्या झाल्याशिवाय कोणी खोलीबाहेर जायचं नाही. घरी अंथरुणाला खिळलेल्यांची यादी द्यायची, आणि प्रभुभोजन कोणाकडे घरी न्यावं लागतं तेही सांगायचं. तुमची मंडळी न्यास म्हणून नोंदलेली असेल आणि विश्वस्त बदलले असतील, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात 90 दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करणारा अर्ज) द्यावा लागतो, तेही त्याच बैठकीत कोणाच्या तरी अंगावर टाका.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मयताच्या कामाला द्या. नव्या माणसाची पहिली कसोटी बहुतेक वेळा तिथेच लागते. रात्री अकराला फोन येतो आणि पलीकडून रडणं ऐकू येतं. त्या वेळी त्याला माहीत हवं की कबरस्थानाची किल्ली कोणाकडे आहे, खड्डा खणणाऱ्यांना कोण बोलावतं, शवपेटी एवढ्या रात्री कुठे सांगायची, घरच्यांची जुनी कबर उघडायची की नवी जागा द्यायची हे कोण ठरवतं. मुलगी मुंबईहून निघाली असेल तर दफनाची वेळ कितीपर्यंत लांबवता येईल, हे पाळकसाहेबांशी कोण बोलेल? पहिल्या काही प्रसंगांना जुन्यांपैकी एकाने नव्याच्या सोबत जायचं, असं आधीच ठरवून टाका. बोलायचं नव्याने, जुन्याने नुसतं बाजूला उभं राहायचं.

तरुणांना एकदम खजिनदार करू नका. डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, नेमण्याआधी त्यांची पारख करा, असं बायबलमध्ये प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो, आणि ते शहाणपणाचं आहे. पण पारख म्हणजे ताटकळत ठेवणं नव्हे. शब्बाथ शाळा (मुलांची रविवारची शाळा), तरुण संघ यांतलं एक काम पूर्ण त्याच्यावर सोपवा आणि मध्ये मध्ये हात घालू नका.

राहिले ते, जे यंदा निवडून आले नाहीत. जुन्यांपैकी काही असतील, पहिल्यांदा उभे राहिलेलेही असतील. नव्या सेक्रेटरीला सांगा, त्या रविवारच्या आधी त्यांच्या घरी जाऊन या. आधी गेलं की तो सल्ला मागायला आलाय असं दिसतं. नंतर गेलं तर समजूत काढायला आल्यासारखं होतं, आणि चहासुद्धा अवघडून प्यावा लागतो.