तुमचे प्रश्न: गाण्यातले अँथनी गोन्साल्विस खरे कोण होते?

प्रश्न: 'अमर अकबर अँथनी'मधलं अमिताभचं अंड्यातून बाहेर येऊन म्हटलेलं गाणं आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. भाचा म्हणतो अँथनी गोन्साल्विस नावाचा खरा माणूस होता, मोठा म्युझिशियन. खरं का हे? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर: भाचा अगदी बरोबर बोलतोय. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे ते व्हायोलिनचे गुरू, आणि १९७७ च्या त्या गाण्यात नाव आलं ते शिष्याने गुरूला केलेला नमस्कार म्हणून. जन्म १९२७ चा, गाव गोव्यातल्या सासष्टीतलं माजोर्डा. वडील तिथल्या चर्चचे कॉयर मास्टर, चर्चमधल्या गाणाऱ्यांना शिकवणारे, म्हणजे संगीत वाचणं-लिहिणं घरातच होतं, आणि तेव्हा गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहायची वेस्टर्न पद्धत, शिकवायचेच, त्यामुळे मुंबईच्या स्टुडिओंत कागद वाचून वाजवणारे इतके गोवेकर दिसायचे. १९४३ मध्ये हे मुंबईला आले, नौशादसाहेबांकडे व्हायोलिन वाजवायला लागले आणि पुढे अरेंजर झाले. वांद्र्याच्या घरी रविवारी शिकवायचे, प्यारेलालजींसारखेच आर. डी. बर्मनही त्यांच्याकडे शिकले. नुसतं गाण्यातलं नाव म्हणून हा माणूस लक्षात राहावा हे मला खरंच पटत नाही, काम फार मोठं आहे हो त्यांचं.

प्रश्न: चाल तर संगीतकाराची असते, मग अरेंजर नक्की करतो काय? (वाचक, डोंबिवली)

उत्तर: असं बघा, सिटिंगला, म्हणजे गाणं बसवायच्या बैठकीला, संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवतो, मुखडा आणि अंतरा. आता पहिल्या ओळीच्या आधी काय वाजणार, मुखडा संपून अंतरा सुरू होईपर्यंत जो म्युझिक पीस येतो तो कुठल्या वाद्यांवर, गायिका श्वास घेते तेवढ्यात बासरी काय बोलणार, आवाजाच्या मागे व्हायोलिनं वेगळीच ओळ घेऊन चालली असतील तर ती ओळ कोणती, हे सगळं अरेंजर कागदावर लिहितो आणि मग प्रत्येक वाद्याचा पार्ट वेगळा उतरवून काढायचा, कारण वादक येणार, कागद स्टँडवर ठेवणार आणि वाजवायला लागणार. त्या काळात गायक-वादक सगळे एकत्रच रेकॉर्ड व्हायचे, एक जण चुकला की पूर्ण टेक परत, म्हणून कागदावर चूक चालायचीच नाही. काही पीस संगीतकार स्वतःही सुचवायचे, ते नाकारायचं कारण नाही. पण लोकांना जे इंट्रो म्युझिक गाण्याच्या शब्दांइतकंच पाठ असतं ते पुष्कळदा अरेंजरचं असतं आणि पडद्यावर त्याचं नाव बरेचदा नसायचंच. शंकर-जयकिशनकडचे सेबॅस्टियन डिसूझा, आपल्या सी. रामचंद्रांकडचे चिक चॉकलेट, ही सगळी गोव्याचीच मंडळी.

प्रश्न: गोन्साल्विस यांनी सिनेमाबाहेर स्वतःचं काही रचलं का? (वाचक, पुणे)

उत्तर: रचलं ना, आणि माझ्या मते तेच त्यांचं खरं स्वप्न होतं! रागसंगीत आणि वेस्टर्न ऑर्केस्ट्रा एकत्र आणायचा. 'सोनाटिना इंडियाना' त्यांची, आणि राग सारंगमधला काँचेर्टो, म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवून ऑर्केस्ट्राने वाजवायची मोठी रचना.

हे किती अवघड आहे ते पेटी असेल तर करूनच बघा. वृंदावनी सारंग घ्या, यात गंधार आणि धैवत, म्हणजे ग आणि ध, वर्ज्य. वेस्टर्न पद्धतीत कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजवलेले तीन-चार सूर, आणि घरची कॉर्ड म्हणजे सा-ग-प, आणि इथे 'ग' तर चालतच नाही! म्हणजे ज्या 'सा'वर सगळं येऊन टेकायचं त्याचीच नेहमीची कॉर्ड गेली. मग उरतं काय, तर प-नी-रे, कोमल नी घेऊन प-नी-रे, किंवा कोमल नी-रे-म. ह्या एवढ्या सामानात ऑर्केस्ट्रा उभा करायचा आणि राग मोडायचा नाही. शिवाय आरोहात शुद्ध नी, अवरोहात कोमल, म्हणजे व्हायोलिनं वर चढत असताना चेलो खाली उतरत असतील तर दोन्ही नी एकमेकांवर आपटू नयेत हेही बघायचं.

१९५८ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या पटांगणात त्यांनी मोठा ऑर्केस्ट्रा उभा करून असं संगीत लोकांसमोर वाजवलं, आणि गायला होते लता मंगेशकर आणि मन्ना डे. पुढे १९६५ मध्ये ग्रँटवर अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर सिनेमाचं काम सोडून माजोर्ड्यालाच राहिले आणि १८ जानेवारी २०१२ ला गोव्यातच वारले.

प्रश्न: मुलगी दहावीत आहे, हिंदुस्थानी व्हायोलिन शिकते, अरेंजर व्हायचं म्हणते. काय करू? (एक आई, नाशिक)

उत्तर: ताई, आहे तो क्लास अजिबात सोडू नका, जोडीला स्टाफ नोटेशन आणि थोडा कीबोर्ड सुरू करा. तिला सांगा एखाद्या जुन्या गाण्यातलं फक्त मधलं म्युझिक ऐकून कागदावर उतरव, आधी व्हायोलिनची ओळ, मग बेस, मग बाकीचं. आठवड्याला एक गाणं पुरे. आणि जमलं तर दोन-तीन मैत्रिणींना तो कागद देऊन वाजवायला लावा, लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येतंय का ते तिथेच कळतं.