आकडे जुळत का नाहीत?

प्रश्न : समुद्रातील सूक्ष्म प्लास्टिकचे प्रमाण एका लेखात घनमीटर पाण्यामागे, तर दुसऱ्यात किलोभर वाळूमागे दिलेले असते आणि आकड्यांत प्रचंड तफावत दिसते. खरा आकडा कोणता मानावा? आमच्या शाळेतील मुलांना पुळणीवर अशी मोजणी करता येईल का?
— एक शिक्षक, हर्णै

उत्तर : दोन्ही आकडे खरे असू शकतात, त्यांची तुलना मात्र होऊ शकत नाही. जवळ्याच्या बारीक आसाच्या, म्हणजे छिद्रांच्या, जाळ्यात जे येते ते बांगड्याच्या जाळ्यात येत नाही, पण म्हणून समुद्रात जवळाच नव्हता असे हर्णै बंदरात कोणी म्हणणार नाही. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात आणि पृष्ठभागावरून ते गोळा करण्यासाठी साधारण ०.३३ मिलिमीटर आसाचे जाळे बोटीमागे ओढतात. त्याहून बारीक कण आणि आडवे न येता सरळ घुसणारे तंतू त्यातून निसटतात, त्यामुळे तेच पाणी बाटलीत भरून बारीक गाळणीतून गाळणाऱ्याला कितीतरी अधिक कण मिळतात.

वाळूचे गणित आणखी अवघड आहे. मिठाच्या संपृक्त द्रावणात वाळू ढवळली की पिशव्यांचे पॉलिथिलीन वर येते, परंतु पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक या द्रावणापेक्षा जड असल्याने तळाशीच राहते. झिंक क्लोराइडच्या जड द्रावणात तेही तरंगते. शिवाय मोजणाऱ्याच्या कपड्यांचे धागे नमुन्यात पडतात. म्हणून नमुन्याशेजारी कोरा गाळणकागद उघडा ठेवून त्यावर जमलेले धागे हिशेबात धरावे लागतात.

अशा कारणांमुळेच २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांशी संलग्न तज्ज्ञगटाने मोजणीच्या समान पद्धतींची मार्गदर्शिका काढली. त्याआधी, २०१५ मध्ये, उपलब्ध मोजण्या एकत्र करून तीन प्रारूपांद्वारे केलेला जागतिक अंदाज १५ ते ५१ लाख कोटी कण इतका पसरट आला होता.

मुलांना मोजणी अवश्य करता येईल. भरतीच्या रेषेवर ठरावीक चौकटीतील वरची वाळू घ्यावी, ती वाळवून तोलावी आणि १ व ५ मिलिमीटरच्या चाळण्यांमधले तुकडेच मोजावेत, कारण त्याहून बारीक कण शिंपल्याचा की प्लास्टिकचा, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. जाळी विणतात किंवा सांधतात ती जागा मात्र टाळावी. तिथल्या नायलॉनच्या कातरणांची मोजणी हवीच असेल, तर त्या नमुन्याची वही वेगळी ठेवावी.