१९६७ च्या फोर्ड मस्टँगसाठी डोनर इंजिन, म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढलेलं, कोणतं घ्यावं? सगळे म्हणतात कोयोटी (फोर्डचं अलीकडचं ५.० लिटर व्ही-८) टाक. टाकू का?

नका टाकू. तुमच्या २८९ चा (२८९ घनइंची व्ही-८ इंजिनाचा) ब्लॉक थंडीत पाणी गोठून तडकलाय, बजेटही बेताचं आहे असं लिहिलंय तुम्ही. मग १९९६ ते २००१ मधली व्ही-८ वाली फोर्ड एक्स्प्लोरर शोधा आणि तिचं ५.० लिटरचं इंजिन घ्या. ते तुमच्या २८९ च्याच घराण्यातलं आहे. माउंट तेच, गिअरबॉक्सकडचे बोल्टही जुळतात, शिवाय रोलर कॅम (कमी घर्षणाचा कॅमशाफ्ट) आयता मिळतो.

कोयोटी इंजिन म्हणून उत्तमच आहे. २०११ च्या मस्टँगमध्ये ते ४१२ हॉर्सपॉवरचं आलं. पण प्रत्येक हेडवर दोन-दोन कॅमशाफ्ट, त्यामुळे वरून ते अतिशय रुंद. आपल्या गाडीत बॉनेटखाली दोन्हीकडे शॉक टॉवर (पुढच्या सस्पेन्शनचे पत्र्याचे उंच खांब) असतात, त्यांच्यामध्ये ते मावत नाही. म्हणजे टॉवर कापा आणि पुढचं सस्पेन्शन सगळं नवं बसवा. माझ्या साडूंनी हेच केलं. आम्ही दोघंही मिशिगनमध्ये, दोघांकडेही १९६७ चीच मस्टँग. त्यांची कापलेली गाडी अजून स्टँडवर आहे. माझी दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे इथल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, जाते. तरी गणपतीला घरी जमलो की ते चारचौघांत सांगतात, "याचं इंजिन भंगारातलं, सुरुवातीपासून थरथरत होतं." म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक्स्प्लोरर मिळायला वेळ लागला. २००९ च्या 'कॅश फॉर क्लंकर्स' या जुनी गाडी मोडीत काढण्याच्या अमेरिकी सरकारी योजनेत जुन्या एक्स्प्लोरर ढिगानं गेल्या, आणि त्यांच्या इंजिनांत सोडियम सिलिकेट ओतून ती कायमची जाम करायची अट होती. चांगली इंजिनं हकनाक गेली. शेवटी एका जंकयार्डात मागून ठोकलेली एक सापडली. हेडच्या टोकाला बोट फिरवून पाहिलं, ओतीव लोखंडात चार उभ्या रेघा होत्या. म्हणजे जीटी-४० पी हेड, फोर्डचं सुधारित सिलिंडर हेड. (तीन असत्या तर आधीचं जीटी-४०, तेही चांगलंच.) ऑइल कॅपच्या आत दुधाळ साय नव्हती, आठही प्लग कोरडे आणि एकसारखे तपकिरी, आणि पुढच्या बोल्टला पाना लावून क्रँक हातानं सलग फिरला. साडू शेजारीच उभे होते, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

बसवायला एका वर्कशॉपकडे दिलं. गाडी परत आली ती २,००० आरपीएमच्या पुढे स्टिअरिंगला मुंग्या आणणारी. मालक म्हणाला, टायर बॅलन्स करून घ्या. मी गाडी जागेवर उभी ठेवून न्यूट्रलमध्ये रेस केली. थरथर तशीच. चाकं फिरत नसताना टायरचा काय संबंध? गाड्यांमधली कंपनं शोधणं हीच माझी आयुष्यभराची नोकरी, त्यामुळे मी गिअरबॉक्स उतरवायलाच लावला. आत २८९ चीच जुनी फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या मागे बसणारी, गिअरबॉक्सला जोडणारी चकती) लावलेली होती! क्रँकचा तोल साधायला या चकतीवर वजन असतं: १९८१ पर्यंतच्या या इंजिनांचं बॅलन्स २८ औंस-इंचाचं, १९८२ पासूनच्यांचं ५० चं. मागे फ्लेक्सप्लेट आणि पुढे बॅलन्सर (क्रँकच्या पुढच्या टोकाचं तोलचाक), दोन्ही एकाच मापाचे लागतात. हे मी काम देतानाच सांगितलं होतं. ५० ची प्लेट लावली आणि थरथर त्याच दिवशी गेली. दोष प्लेटचा होता, इंजिनाचा नव्हे.

एक्स्प्लोररचं ऑइल पॅन आपल्या क्रॉसमेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या तुळईवर) बसत नाही, पुढे सम्प (तेल साठण्याचा खोलगट भाग) असलेलं पॅन आणि त्याचाच पिकअप (तेल ओढणारी नळी) घ्या. कार्ब्युरेटर ठेवणार असाल तर एक्स्प्लोररच्या टायमिंग कव्हरवर पेट्रोलच्या मेकॅनिकल पंपाला जागाच नाही, इलेक्ट्रिक पंप लावा. डिस्ट्रिब्युटरचा गिअर स्टीलचाच हवा, साधा बिडाचा रोलर कॅमवर झिजून जातो. पी हेडचे प्लग वेगळ्या कोनात असतात, म्हणून हेडरही (एक्झॉस्टचे पाइप) त्याच हेडसाठी बनवलेले घ्या, नाहीतर प्लगच्या वायरी जळतील.

या इंजिनाचे २१५ हॉर्सपॉवर कमी वाटतात? एवढ्या हलक्या गाडीला भरपूर आहेत. आणि पुढे ड्रम ब्रेक असतील तर आधी डिस्क लावा, मग ताकदीचं बोला.

हो, गाडी मुळात सहा सिलिंडरची असून २८९ नंतर कुणी घातलं असेल, तर चाकांना बोल्ट किती ते बघा. चारच असतील तर मागचा ॲक्सल आणि पुढचं सस्पेन्शनही बदलावं लागेल, बजेट तिथेच संपेल. आणि व्हीआयएनमधलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) पाचवं अक्षर 'के' असेल, तर वरचं काहीच करू नका. ते २७१ हॉर्सपॉवरचं खास २८९. तडकलेला ब्लॉक फेकू नका, बिडाची तड शिवणारा चांगला मशीनिस्ट गाठा.